दीड वर्षाच्या अनुभवानंतर पुढे काय शिकावं? आधी तो इन्व्हॉइसचा बग पुन्हा उघडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाला आहे ते सगळ्यांनाच कळेल. नोकरीला लागून दीड वर्ष झालंय. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरून बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं, काम करता. टीम चार जणांची आहे आणि सगळे साधारण तुमच्याइतक्याच अनुभवाचे आहेत, त्यामुळे कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, 'ठीक वाटतंय' यापलीकडे काही येत नाही. रोज संध्याकाळी तासभर कोर्स करता. डॉकरचा संपला, रिॲक्टचा अर्ध्यावर आहे, रस्टचा नुकताच सुरू केलाय. तरी नवीन काम हातात आलं की धास्ती वाटते. मागच्या महिन्यात एकाच ऑर्डरची दोन इन्व्हॉइस तयार होत होती. तुम्ही तिथे सेटटाइमआउट (कोड थोड्या वेळाने चालवायची सूचना) टाकला, दुसरं इन्व्हॉइस यायचं थांबलं, 'पण का थांबलं ते अजून कळलेलं नाही'. आणि शेवटी विचारलंय: पुढे काय शिकू, कोणत्या क्रमाने, आणि नोकरी बदलू का?

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते इन्व्हॉइसबद्दलचं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत आणि लगेच कोर्सच्या यादीकडे वळलात. तुमची खरी अडचण मला तिथेच दिसते. दिवसभर कामात प्रश्न पडतात, ते तिथेच सुटून जातात. संध्याकाळी तुम्ही दुसऱ्या कुणीतरी निवडलेल्या प्रश्नांची उत्तरं ऐकता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध येत नाही. मग कोर्समधलं महिन्याभरात विसरायला होतं, कारण ते वापरायची वेळच येत नाही, आणि कामातली धास्ती तशीच राहते, कारण ती ज्या गोष्टींतून येते त्यांना तुम्ही हातच लावलेला नाही. क्रम बदलून हे सुटणार नाही. शिकण्याचा विषय कुठून उचलायचा, ते बदलावं लागेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्हाला सहा महिन्यांत फ्रंटएंडकडे (ग्राहकाला दिसणाऱ्या बाजूकडे) वळायचं असेल तर रिॲक्ट शिकणं अगदी योग्य आहे आणि माझा पुढचा बराचसा सल्ला मागे ठेवावा लागेल. घरी लहान मूल असेल, आजारपण असेल, प्रवासातच दिवस संपत असेल, तर संध्याकाळचा तास गृहीत धरता येत नाही. तेव्हा जे शिकायचं ते कामाच्या वेळेतच बसवावं लागतं. तुमचं शिक्षण संगणकशास्त्रात झालंय की दुसऱ्या शाखेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने मूलभूत गोष्टींचा क्रम थोडा बदलतो. आणि जिथे रोज फक्त तयार फॉर्ममध्ये एखादं फील्ड वाढवायचं एवढंच काम असेल, तिथे कामातून प्रश्न उचला हा सल्लाच लंगडा पडतो. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. ऑर्डर, पैसे, इन्व्हॉइस, खरे ग्राहक आहेत, म्हणजे शिकण्याजोगं भरपूर आहे.

तर त्या बगकडे येऊ. कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे निदान अंदाजाचं आहे, पण अशा बगची एक नेहमीची घडण असते. तुमचा कोड आधी टेबलमध्ये बघतो, या ऑर्डरचं इन्व्हॉइस आहे का. नसेल तर नवीन टाकतो. आता ग्राहकाने बटण दोनदा दाबलं, किंवा उत्तर यायला उशीर झाला म्हणून मोबाइल ॲपने तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली, किंवा पेमेंटचा वेबहुक (पेमेंट झाल्याचा आपोआप येणारा निरोप) दोनदा आला. दोन रिक्वेस्ट काही मिलिसेकंदांच्या अंतराने पोचल्या. पहिलीने बघितलं, इन्व्हॉइस नाही. दुसरीने बघितलं, अजूनही नाही. दोघींनी टाकलं. सेटटाइमआउटने यांतल्या एकीचं बघणं किंवा टाकणं पुढे ढकललं गेलं, वेळ जुळायची थांबली. बग गेलेला नाही, फक्त दुर्मीळ झालाय. सर्व्हरवर भार वाढला की तो परत येईल, आणि तो दिवस बहुधा कंपनीच्या सगळ्यात जास्त विक्रीचा असेल.

इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा: नोड तर जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करत, चालवतो, मग दोन रिक्वेस्ट एकमेकींच्या मध्ये घुसतात कशा? हा प्रश्न डोक्यात आला नसेल तर मुद्दाम आणा. उत्तर असं, की प्रत्येक 'अवेट'पाशी (उत्तराची वाट बघायला सांगणाऱ्या शब्दापाशी) तुमचं फंक्शन थांबतं आणि इव्हेंट लूप, म्हणजे कामं पाळीपाळीने चालवणारा नोडचा भाग, दुसऱ्या रिक्वेस्टचं काम हाती घेतो. डेटाबेसकडे विचारणा गेली आणि उत्तर यायचंय, एवढ्या वेळात दुसरी रिक्वेस्ट तिची विचारणा करून मोकळी होते. एकच थ्रेड असला तरी दोन अवेटच्या मधली जागा उघडीच असते. इव्हेंट लूपवरचे कितीतरी व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, पण तुमच्या स्वतःच्या बगमध्ये तो दिसला की त्याची समज वेगळीच होते.

आता हे नुसतं वाचू नका, घडवून बघा. तुमच्या मशीनवर पोस्टग्रेसचे दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा. दोन्हीकडे 'बिगिन' करा, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) सुरू करा. दोन्हीकडे त्या ऑर्डरचं इन्व्हॉइस शोधा, दोन्हीकडे काही मिळणार नाही. दोन्हीकडे 'इन्सर्ट' करा, दोन्हीकडे 'कमिट' करून ते पक्कं करा. टेबलमध्ये दोन ओळी दिसतील. कामाच्या ठिकाणी जो बग कधी यायचा, कधी यायचा नाही, तो आता हवा तेव्हा आणता येतो. माझ्या कामात मी इथपर्यंत पोचल्याशिवाय कुठलीही दुरुस्ती लिहायला घेत नाही. बग आणता येत नसेल तर तो गेला हे तरी कशावरून सांगणार?

मग एकेक उपाय करून बघा, आणि प्रत्येक वेळी एंटर दाबायच्या आधी काय होईल ते कागदावर लिहा. पहिला: मघाच्या दोन ओळी काढून ऑर्डर क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारा डेटाबेसचा नियम) लावा आणि तोच खेळ पुन्हा करा. दुसऱ्या टर्मिनलमधल्या इन्सर्टचं काय होईल? बरेच जण लिहितात, 'लगेच एरर येईल.' प्रत्यक्षात ते इन्सर्ट अडकून बसतं, कारण पहिल्याचा निकाल अजून लागलेला नाही. पहिल्याने कमिट केलं की दुसऱ्याला एरर येते. पहिल्याने 'रोलबॅक' केलं, म्हणजे बदल रद्द केला, तर दुसरं इन्सर्ट बिनतक्रार पार पडतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की डेटाबेस कुणाला, कशासाठी, किती वेळ थांबवून ठेवतो हे मनात बसतं.

दुसरा उपाय: तो कन्स्ट्रेंट आणि टाकलेलं इन्व्हॉइस काढा, आणि आधीच्या शोधाला 'फॉर अपडेट' (सापडलेल्या ओळीला लॉक लाव, म्हणजे इतरांना थांबवून ठेव) जोडा. अंदाज लिहा. काहीही फरक पडणार नाही, कारण जी ओळ अस्तित्वातच नाही तिला लॉक कसं लावणार? पण हेच 'फॉर अपडेट' इन्व्हॉइसऐवजी ऑर्डरच्या ओळीवर लावलं तर दुसरं टर्मिनल तिथेच थांबतं, आणि पहिल्याचं कमिट झाल्यावर पुढच्या शोधात त्याला तयार इन्व्हॉइस दिसतं. तिसरा: 'फॉर अपडेट' काढून आयसोलेशन लेव्हल, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनना एकमेकांचे बदल किती दिसावेत ती पातळी, बदला. पोस्टग्रेसची मूळ पातळी 'रीड कमिटेड' असते. 'रिपीटेबल रीड' केलं तर? नावावरून वाटतं की सुटेल, पण सुटत नाही, दोन्ही इन्सर्ट होतात, कारण दोघंही आपापल्या जुन्या चित्राकडे बघत असतात आणि एकाच ओळीला कुणीच हात लावत नाही. 'सीरियलायझेबल' केलं तर दोघांपैकी एकाला ४०००१ क्रमांकाची एरर येते, आणि तो ट्रान्झॅक्शन सुरुवातीपासून पुन्हा चालवायची जबाबदारी तुमच्या कोडवर येते.

तुमच्या बाबतीत मी युनिक कन्स्ट्रेंटच लावेन आणि इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (ओळ आधीच असेल तर एरर न देता सोडून दे) जोडेन, जे पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून मिळतं. त्याला कारण आहे. उद्या कुणीतरी दुसऱ्याच फाइलमधून, एखाद्या स्क्रिप्टमधून इन्व्हॉइस टाकलं, तरी नियम डेटाबेसमध्ये असल्यामुळे तो मोडता येत नाही. पण लावायच्या आधी दोन गोष्टी आहेत. टेबलमध्ये आधीपासून दुहेरी ओळी असतील तर कन्स्ट्रेंट लागणारच नाही, त्या निस्तराव्या लागतील. आणि कन्स्ट्रेंटमागे इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) असतो; साधा इंडेक्स बांधताना पोस्टग्रेस त्या टेबलवरचं लिहिणं अडवून ठेवतं, म्हणून चालू सिस्टिमवर 'कन्करंटली' हा शब्द घालून युनिक इंडेक्स बांधायचा. त्याहून आधी हिशेब बघणाऱ्या माणसाला जाऊन विचारा: एका ऑर्डरची दोन इन्व्हॉइस कधी खरोखर लागतात का? माल दोन हप्त्यांत गेला तर? रद्द केलेलं इन्व्हॉइस मोजायचं का? याची उत्तरं कुठल्याच कोर्समध्ये नसतात, आणि ती न विचारता लावलेला कन्स्ट्रेंट पुढच्याच महिन्यात काढावा लागू शकतो.

मी हे इतकं लांबवून सांगितलं कारण एका बगमधून काय काय निघालं ते बघा: इव्हेंट लूप, ट्रान्झॅक्शन, लॉक, आयसोलेशन, चालू सिस्टिमवर बदल कसा न्यायचा, आणि तुमच्या धंद्याचा एक नियम. शिवाय एचटीटीपीकडे (ॲप आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांकडे) जाणारी वाटही इथूनच फुटते. एचटीटीपीच्या प्रमाण दस्तऐवजात (आरएफसी ९११०, २०२२) गेट, पुट आणि डिलीट या रिक्वेस्ट पुन्हा पाठवल्या तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखाच राहिला पाहिजे असं ठरलेलं आहे, पोस्टबद्दल तसं वचन नाही. म्हणून इन्व्हॉइस तयार करणाऱ्या पोस्टसोबत ॲपने एक वेगळी ओळख-किल्ली पाठवायची आणि सर्व्हरने ती आधी आली होती का ते तपासायचं, ही पद्धत पैशांच्या व्यवहारात सर्रास वापरतात. हे तुम्ही यादीत 'आयडेम्पोटन्सी' असं लिहून शिकायला घेतलं असतंत तर कोरडं वाटलं असतं. आता तुम्हाला त्याची गरज आहे.

खोल जायचं ते किती, हा पुढचा प्रश्न येतोच. माझा नियम: कामाच्या एक थर खाली जायचं आणि परत वर यायचं. पोस्टग्रेस लॉक कुठल्या मेमरीत ठेवतं हे वाचण्याचा मोह होईल. पण त्या माहितीने उद्या तुम्ही लिहिणार असलेला कोड बदलणार नसेल तर ते वहीत नोंदवून पुढे जा. सहा महिन्यांनी दुसरा एखादा प्रश्न तुम्हाला त्याच दारापाशी आणेल, तेव्हा आत जा.

अंदाज आधी लिहायला सांगितलं, त्याबद्दल थोडं. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेलेले होते. आणि पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं. कोर्सचा व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडल्यावर हात चालत नाही, याचं कारण बरंचसं हेच आहे. तुमच्यात काही कमी आहे असं नाही. अंदाज लिहून मग चालवणं म्हणजे दर वेळी स्वतःची छोटी परीक्षा घेणं. अंदाज चुकला तर नेमकं काय माहीत नव्हतं ते त्या क्षणी कळतं, आणि तेच शिकायचं असतं.

एक वही ठेवा, किंवा साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक अडकण्याबद्दल चार ओळी: मला काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय दिसलं, कारण काय निघालं, आणि हे लवकर कसं सापडलं असतं. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि आळसाने तीच गाळली जाते. बघता बघता त्या ओळींतून तुमचीच एक तऱ्हा दिसायला लागते. कुणाच्या वहीत पुन्हा पुन्हा 'एरर मेसेज पूर्ण वाचला असता तर' असं येतं. पायथनमध्ये मूळ एरर सगळ्यात खालच्या ओळीत असते, जावात बऱ्याचदा शेवटच्या 'कॉज्ड बाय'पाशी, नोडमध्ये वरच्या बाजूला. एवढं माहीत असलं तरी रोजचा वेळ वाचतो. कुणाच्या वहीत 'कधीपासून बिघडलं ते आधी शोधलं असतं तर' असं येतं. त्यासाठी 'गिट बायसेक्ट' आहे (गिट म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि त्यातला कमिट म्हणजे एक नोंदवलेला बदल). चांगला कमिट आणि वाईट कमिट सांगितला की गिट मधला काढून देतं, तुम्ही चालतं की नाही एवढं सांगत जायचं. हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो. पुढचा कोर्स कुठला घ्यायचा तेही ही वहीच सांगते.

संथ चालणाऱ्या पानांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण ऑर्डरच्या सिस्टिममध्ये ती असणारच. तिथेही हीच रीत. क्वेरीला (डेटाबेसला केलेल्या विचारणेला) 'एक्स्प्लेन ॲनलाइज' लावून बघा, डेटाबेसला किती ओळी येतील असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात किती आल्या. हे साधन क्वेरी खरोखर चालवतं, म्हणून अपडेट किंवा डिलीटवर लावायचं असेल तर ट्रान्झॅक्शन उघडून शेवटी रोलबॅक करायचं. तुमच्या लॅपटॉपवर दोनशे ओळींच्या टेबलमध्ये इंडेक्स असूनही तो वापरला जात नाही म्हणून घाबरू नका; इतकं छोटं टेबल सलग वाचणंच स्वस्त पडतं. ग्राहक आणि तारीख अशा दोन कॉलमवरच्या इंडेक्समध्ये आधी कोणता कॉलम ठेवायचा, हा प्रश्न पडला की बी-ट्री (इंडेक्सची आतली रचना) वाचायची वेळ आली असं समजा. बायर आणि मॅक्क्रेट यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही रचना आजही बहुतेक डेटाबेसच्या पोटात आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. एकट्याने शिकताना माहितीची कमतरता भासत नाही. कमी पडतो तो 'हे असं का केलंस?' असं विचारणारा माणूस. तुमच्या टीममध्ये तो नाही. हे पूर्ण भरून काढता येत नाही, पण बरंच येतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली रीत अशी. तुम्ही रोज वापरता ती एखादी छोटी, खुली लायब्ररी (इतरांनी लिहिलेला, सगळ्यांना बघता आणि वापरता येणारा कोड) निवडा. तिच्या जुन्या, सुटलेल्या तक्रारींमधली एक उघडा. फक्त तक्रार वाचा, उत्तर बघू नका. तो कोड आपल्या मशीनवर घ्या, बग आणून बघा, स्वतः दुरुस्ती लिहा, टेस्टही लिहा. मग प्रत्यक्षात स्वीकारली गेलेली पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) उघडा. त्यांनी दोनच ओळी बदलल्या आणि तुम्ही चाळीस, तर का? त्यांनी एक टेस्ट लिहिली जी तुम्हाला सुचली नाही, ती कोणती? खालची चर्चा तर जरूर वाचा. अनुभवी माणसं कशाला नकार देतात, कोणत्या गोष्टीचा आग्रह धरतात, हे त्या चर्चेत उघड दिसतं. एका शनिवारी अशी एकच तक्रार नीट केली तरी पुरे.

त्याच लायब्ररीत डीबगर (चालता कोड थांबवून आत बघायचं साधन) घेऊन उतरा. एक्सप्रेस (नोडची वेब लायब्ररी) वापरत असाल तर 'नेक्स्ट' म्हटल्यावर पुढचं मिडलवेअर (रिक्वेस्टवर पाळीने चालणारं फंक्शन) नेमकं कसं निवडलं जातं, ते ब्रेकपॉइंट लावून ओळीओळीने बघा. इतके दिवस जादू वाटत असलेली गोष्ट म्हणजे एक यादी आणि एक मोजणी आहे हे दिसलं की दुसऱ्यांच्या कोडची भीती निम्म्याने कमी होते. नवीन कामाची धास्ती वाटते असं तुम्ही म्हणता, तिच्यात या भीतीचा वाटा मोठा असावा असा माझा कयास आहे.

टीममधल्या रिव्ह्यूचंही काहीतरी करता येईल. 'रिव्ह्यू करा' म्हटलं की 'ठीक वाटतंय' हेच उत्तर येणार, कारण समोरच्यालाही कुठे बघायचं ते ठाऊक नाही. त्याऐवजी लिहा: 'या फंक्शनमध्ये दोन रिक्वेस्ट एकत्र आल्या तर काय होईल याची मला खात्री नाही, तेवढं बघ.' नेमका प्रश्न विचारला की समान अनुभवाच्या माणसाकडूनही नेमकं उत्तर मिळतं. आणि बदल जरा मोठा असेल तर कोडच्या आधी अर्धं पान लिहा: प्रश्न काय आहे, कोणते दोन मार्ग होते, हा का निवडला. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे नुसता मजकूर नव्हे. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज हाच त्याचा गाभा, आणि ती माणसं पांगली की कोड शिल्लक असूनही प्रोग्रॅम मरतो. अर्धं पान लिहिताना तुमची ती समज तयार होते की नाही, हे तुम्हालाच कळतं. 'का निवडला' या ओळीपाशी पेन अडलं तर कोड लिहायची घाई करू नका.

एआय सहायकाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आज याविषयी बोलताना तो विषय टाळणं बरोबर नाही. वापरा, मीही वापरते. फक्त क्रम सांभाळा. आधी तुमचा अंदाज, मग त्याला विचारणं. तो इन्व्हॉइसचा बग त्याच्यासमोर टाकला असता तर त्याने बहुधा काही सेकंदांत युनिक कन्स्ट्रेंट सुचवला असता, आणि तो बरोबरही ठरला असता. पण इन्सर्ट का अडकून बसलं, रिपीटेबल रीडने का भागलं नाही, हे तुम्हाला कळलं नसतं, आणि पुढचा बग थोड्या वेगळ्या रूपात आला की पुन्हा पहिल्या पायरीवर. त्याला वापरायचंच असेल तर स्वतःचं स्पष्टीकरण लिहून 'यात काय चुकतंय?' असं विचारा. त्याने दिलेलं उत्तर अधिकृत डॉक्युमेंटेशनशी पडताळा. पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशन उत्तम लिहिलेलं आहे, त्यातलं आयसोलेशनवरचं प्रकरण तर जरूर वाचा. आणि जी ओळ तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ती कमिट करू नका. हा नियम मी स्वतः पाळते आणि माझ्यासोबत काम करणाऱ्यांनाही पाळायला सांगते.

कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही. एखादा विषय तुमच्या वहीत दोन-तीनदा आला आणि तुकड्यातुकड्यांनी भागेना, तेव्हा सलग शिकवणारा कोर्स फार उपयोगी पडतो, कारण तेव्हा तुमच्याकडे त्याला विचारायला प्रश्न असतात. तुमच्या कामाकडे बघून क्रम सांगायचाच तर: एसक्यूएल (डेटाबेसला विचारणा करायची भाषा) आणि ट्रान्झॅक्शन, मग एचटीटीपी, मग तुमच्या भाषेचं असिंक्रोनस ('अवेट'सारखं) वागणं, मग टेस्ट लिहिणं, आणि बरोबरीने लिनक्सची कमांड लाइन आणि गिट. यातलं बरंचसं जुनं आहे. एडगर कॉड यांचं रिलेशनल मॉडेल (टेबलांच्या डेटाबेसचा पाया) १९७० चं, गिटसुद्धा २००५ चं. म्हणूनच त्यावर घातलेला वेळ लवकर वाया जात नाही. रिॲक्ट तुम्हाला कामात लागत नसेल तर अर्ध्यावर सोडा, अपराधी वाटून घेऊ नका. रस्ट मनापासून आवडत असेल तर रविवारी आवडीसाठी करा, प्रगतीचं माप म्हणून करू नका.

स्वतःचा प्रकल्प करायचा तर छोटा, पण चालू ठेवायचा. शंभर लोकांनी केलेली कामांची यादी पुन्हा बनवण्यापेक्षा, तुम्हाला किंवा ओळखीतल्या कुणाला खरोखर लागणारं काहीतरी बनवा आणि ते वर्षभर चालवा. पहिल्या आठवड्यात जे शिकाल त्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त शिकाल, जेव्हा डिस्क भरेल, लायब्ररी जुनी होईल, बॅकअप घेतलाय पण परत कधी भरून पाहिला नाही हे आठवेल. परत भरून बघाच.

वेळेबद्दल. रोजचा तास संध्याकाळीच हवा असं नाही. बगची दुरुस्ती झाल्यावर लगेच अर्धा तास 'हे का झालं' यासाठी कामाच्या वेळेतच मागून घ्या. व्यवस्थापकाला सांगताना 'मला शिकायचंय' म्हणू नका. 'सेटटाइमआउटमुळे हा बग भाराखाली परत येईल, तो कायमचा काढायला अर्धा दिवस हवा' असं म्हणा. खरंही तेच आहे, आणि इन्व्हॉइसचा विषय असल्याने नकार मिळणं अवघड. काही संध्याकाळी मोकळ्या ठेवा. थकलेल्या डोक्याने बघितलेला व्हिडिओ कुठेच जमा होत नाही.

आणि नोकरी बदलण्याचं. आत्ताच नको असं मी म्हणेन. सहा महिने वर सांगितल्यासारखं करून बघा आणि वहीची पहिली पानं उलटा. तेव्हा जिथे अडकला होतात तिथे आता कुणाला न विचारता बाहेर पडता येतं का? नवीन अडचणी आधीपेक्षा वेगळ्या आणि अवघड आहेत का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर हीच जागा अजून काही काळ तुम्हाला शिकवेल. अडचणी त्याच त्या येत असतील, किंवा का झालं हे शोधायला तुम्हाला सतत मनाई होत असेल, तर बदला, आणि पगाराइतकंच हेही बघा की तिथे तुमच्यापेक्षा चांगला कोड लिहिणारं, तो कोड दाखवायला आणि तुमचा वाचायला तयार असणारं कुणी आहे का. मुलाखतीत तुम्हालाही प्रश्न विचारायची संधी मिळते. तेव्हा हे दोन विचारा: मागचा मोठा बिघाड झाला त्यानंतर तुम्ही काय लिहून ठेवलंत? आणि कोड रिव्ह्यूमध्ये शेवटचा मतभेद कशावरून झाला, तो मिटला कसा? ज्या टीममध्ये या गोष्टी खरोखर होतात, तिथली माणसं आठवून, तपशिलासकट सांगतात. मोघम उत्तर आलं तर तिथल्या रिव्ह्यूतही तुम्हाला 'ठीक वाटतंय' एवढंच मिळायची शक्यता जास्त आहे.